डिस्क ड्रायव्हरची दुरुस्ती: आधी काय काय हाताशी हवं

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कपुढे पिवळं उद्गारचिन्ह दिसलं, की बहुतेक जण लगेच ‘अपडेट ड्रायव्हर’ दाबतात. ते सध्या राहू द्या. विंडोजमध्ये हार्ड डिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला डिस्कशी बोलू देणारा प्रोग्रॅम, मायक्रोसॉफ्टचाच असतो आणि त्यावर २१ जून २००६ ही तारीख असते. ती मुद्दाम तशी ठेवलेली आहे, म्हणजे डिव्हाइस बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर आला तर तो नवा ठरतो. ती पाहून ड्रायव्हर जुना झाला असं समजू नका आणि ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून मिळणारे प्रोग्रॅम तर घेऊच नका.

पहिली गोष्ट डेटा. डिस्क अधूनमधून का होईना दिसत असेल, तर आत्ताच सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवा. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासायची कमांड, chkdsk) त्यानंतर. मरायला टेकलेल्या डिस्कवर ‘आर’ (/r) लावून चेकडिस्क चालवलं, तर ते अख्खी डिस्क वाचत बसतं आणि उरलासुरला जीवही जातो.

दुसरी गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की. विंडोज ११ वर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल, तर एन्क्रिप्शन न सांगताही चालू झालेलं असू शकतं. की त्या खात्यात सापडते. ती कागदावर उतरवा, कारण मागितली जाईल तेव्हा हाच पीसी बंद असेल. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) काही बदलायचं असेल, तर आधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा.

मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिस्कच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये दिसणारा एररचा कोड टिपून ठेवा. कोड १० म्हणजे डिव्हाइस सुरू होत नाही, २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, ३९ म्हणजे तो खराब किंवा गायब. इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘सिस्टिम’ लॉगमध्येही डोकवा. तिथे इव्हेंट आयडी ७ दिसला तर बॅड ब्लॉक, म्हणजे डिस्कचा खराब झालेला भाग. १२९ आणि १५३ वारंवार येत असतील, तर डिस्क वेळेवर उत्तर देत नाही, आणि तेव्हा संशय आधी केबल, पोर्ट, पॉवर कनेक्टर किंवा खुद्द डिस्कवर घ्यायचा.

म्हणून एक नवी साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी डेटा केबल) आणि स्टार स्क्रूड्रायव्हर हवाच. केबल पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळेल. लॅच (टोकाला धातूची खटका-पट्टी) असलेलीच मागा, बिनलॅचची सैल पडते. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सी७ (डेटा पाठवतानाच्या चुका) या ओळीचा आकडा लिहून ठेवा. केबल बदलल्यावर तो शून्यावर येत नाही, पण वाढायचा थांबला तर दोष केबलचाच होता. ०५ किंवा सी५ (डिस्कवरचे खराब किंवा संशयित सेक्टर) वाढत असतील, तर ड्रायव्हरचा नाद सोडा आणि डिस्क बदला.

८ जीबीचा पेनड्राइव्ह दुसऱ्या चालू पीसीवर विंडोजच्या इन्स्टॉलरसह तयार करून ठेवा. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच मशीनवर व्हीएमडी (डिस्क हाताळायची इंटेलची सोय) चालू असतं आणि इन्स्टॉलरला एनव्हीएमई डिस्क (मदरबोर्डवर थेट बसणारी वेगवान एसएसडी) दिसतच नाही. त्यासाठी इंटेलचा आरएसटी (रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी) ड्रायव्हर त्याच पेनड्राइव्हवर लागतो. नुसती सेटअपची फाइल टाकून भागत नाही. आतल्या आयएनएफ फाइल बाहेर काढलेल्या हव्यात, तरच इन्स्टॉलरमधल्या ‘लोड ड्रायव्हर’ला त्या सापडतात. आधीपासून चालत असलेल्या विंडोजवर मात्र बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी किंवा एएचसीआयची (साटा डिस्क चालवायच्या पद्धतीची) सेटिंग सहज म्हणून बदलू नका, ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ची निळी स्क्रीन येते. तशी आलीच, तर सेटिंग पूर्ववत करा.

रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोज मागच्या स्थितीत नेता येईल अशी नोंद, घ्या. सिस्टिम प्रोटेक्शन बंद नाही ना, हे आधी बघा. डीव्हीडी ड्राइव्हच्या कोड १९ किंवा ३९ वर रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीतल्या) अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या नोंदी उडवायचा उपाय चालतो. तोच उपाय रजिस्ट्रीत हार्ड डिस्कच्या क्लासवर (त्या प्रकारच्या डिव्हाइसच्या विभागावर) करू नका. तिथल्या अपरफिल्टर्समध्ये पार्टएमजीआर (पार्टिशन सांभाळणारा ड्रायव्हर) असतो आणि तो गेला की विंडोज सुरूच होत नाही.

वेळही ठरवून घ्या. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुधा गुरुवारी निघतात, तो दिवस टाळा. यूपीएस नसेल, तर बायोस अपडेट त्या दिवशीच काय, कधीच करू नका.