म्युनिकमध्ये नवा संसार मांडताना: आधी वरणभात

"ताई, येताना काय काय आणू?" दर उन्हाळ्यात हा फोन येतोच. कुणी ऑक्टोबरच्या सत्राला येणारी मुलगी असते, कुणी नवऱ्याची बदली झाली म्हणून निघालेली. मी २०११ साली सांगलीहून इथे आले, त्यामुळे माझं उत्तर आता पक्कं झालंय. चकल्या, लाडू, फरसाण दोन आठवड्यांत संपतं. खरा प्रश्न असतो नोव्हेंबरातल्या एखाद्या बुधवारचा. पाच वाजताच अंधार पडलेला, बाहेर गारठा, दमून घरी आलेले तुम्ही, आणि अर्ध्या तासात ताटात काय पडणार? वरणभात, मुगाची खिचडी, पिठलं, मेतकूट-भात एवढ्याची सोय पहिल्या महिन्यात लावा. पुरणपोळीचं पुढे बघू.

बॅगेत डाळ-तांदूळ भरू नका, इथे सगळं मिळतं. त्या वजनात कुकर आणा, तो स्टीलचा आणि इंडक्शनवर चालणाराच. घर मिळेपर्यंत शेगडी कसली असेल ते कळत नाही, आणि इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. लाटणं, फोडणीचं कढलं, मिसळणाचा डबा आणा. मसाल्यांत गोडा मसाला, आपापल्या घरचा कांदा-लसूण मसाला, मेतकूट आणि आमसुलं. दुहेरी पिशवीत बांधून मोठ्या बॅगेत ठेवा.

तूप, खवा, पेढे मात्र आणू नका. युरोपीय संघाबाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. आईच्या हातचं तूप विमानतळावर टाकून द्यावं लागलेली मुलगी मी पाहिली आहे, तिच्याकडे बघवत नव्हतं. ताज्या कढीपत्त्याला आणि भाज्यांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, तेही सोडा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलकट, चटकन पेट घेणाऱ्या म्हणून विमानातच चालत नाहीत. इथे कुठल्याही सुपरमार्केटात बेकिंगच्या फळीवर 'कोकोसरास्पेल' नावाचा खोबऱ्याचा कीस मिळतो. तो मंद आचेवर तांबूस भाजा, वाटण उत्तम होतं.

घर बघताना एक गोष्ट आधी विचारा. जर्मनीत पुष्कळ घरं स्वयंपाकघराशिवाय भाड्याने देतात, म्हणजे ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, भिंतीतून नुसते नळ बाहेर आलेले. जाहिरातीत 'आइनबाउक्युशे' लिहिलं असेल तर बांधलेलं स्वयंपाकघर आहे असं समजा.

आता शेगडी. बहुतेक ठिकाणी काळ्या काचेची विजेची शेगडी असते. ती तापायला वेळ घेते आणि बंद केली तरी कितीतरी वेळ तापलेली राहते. आपला हात गॅसला सरावलेला, मोहरी तडतडली की गॅस बारीक केला, काम झालं. इथे बटण फिरवून उपयोग नाही, कढलं उचलूनच बाजूला घ्यायचं. मी तेल तापलं की कढलं काचेवरून उचलते, मग मोहरी टाकते. ती फुटली की जिरं, हिंग, शेवटी हळद, आणि लगेच वरणावर ओतते. हळद करपत नाही, वासही जसा हवा तसा येतो. कुकरचंही तसंच, शिट्ट्या झाल्या की तो उचलून थंड जागेवर ठेवा, नाहीतर बंद शेगडीवर आणखी दोन शिट्ट्या होतात आणि भाताचा गोळा होतो. फुलक्यासाठी भारतीय दुकानातून तारेची जाळी आणा, किंवा पोळी तव्यावरच फडक्याने कडेकडेने दाबा.

मिरची परतायच्या आधी खिडकी सताड उघडा, थंडी असली तरी. घराचं दार जिन्यात उघडू नका, ठसका सगळ्या मजल्यांवर जातो. तळणीचं तेल सिंकमध्ये न ओतता बाटलीत साठवा आणि घट्ट झाकण लावून कचऱ्यात टाका.

खरेदीला मुख्य स्टेशनच्या दक्षिणेला ग्योटेश्ट्रासे आणि लांडवेरश्ट्रासेकडे जा. तुर्की, अरबी दुकानांत कोथिंबिरीच्या भरगच्च जुड्या, हिरव्या मिरच्या, भेंडी, वांगी, बेसनासारखं चण्याचं पीठ मिळतं. तूरडाळ, पोहे, ज्वारीचं पीठ, साबुदाणा भारतीय दुकानातूनच घ्या. थाई दुकानातले टॅपिओकाचे पांढरे मोती दिसायला साबुदाण्यासारखे असतात, पण भिजवले की त्यांची खळ होते, खिचडी होत नाही.

जिऱ्याबद्दल जरा थांबून सांगते. पहिल्याच आठवड्यात मी सुपरमार्केटातून 'क्युमेल' लिहिलेली बाटली आणली. दाणे जिऱ्यासारखेच. फोडणीत टाकले आणि घरभर इथल्या राय नावाच्या धान्याच्या पावाचा वास सुटला. इथलं पहिलं घरचं वरण, आणि त्याला घरचा वासच नाही. मला रडू आवरेना. आपलं जिरं म्हणजे 'क्रॉइत्सक्युमेल'. हा शब्द पाठ करा, किंवा तुर्की दुकानात 'किमयोन' मागा.

इथल्या पिठाच्या पुड्यांवर आकडे असतात. ४०५ म्हणजे जवळजवळ मैदा, आकडा वाढेल तसा कोंडा वाढतो. 'फोलकॉर्न' म्हणजे अख्ख्या गव्हाचं, पण त्याचा कोंडा जाडसर असतो आणि पोळी कडेला चिरते. मऊ पोळीसाठी भारतीय दुकानातला आटा घ्या, उगाच जीव काढू नका. ज्वारीचं पीठ बरेचदा जुनं असतं, म्हणून भाकरीला उकळत्या पाण्याची उकड काढून मगच मळा.

म्युनिकचं पाणी जड आहे. केटलमध्ये पांढरा थर साचलेला दिसेल, त्याच पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही. ती तासभर भिजत घाला आणि कुकरमध्ये चिमूटभर खायचा सोडा टाका. रविवारी दुकानं बंद असतात हेही लक्षात ठेवा. शनिवारी काही आणायचं राहिलंच तर घरात 'रोटे लिन्सन', म्हणजे लाल मसूर, असू द्या. न भिजवता वीस मिनिटांत साध्या पातेल्यात शिजते.

तूप घरीच कढवा. पुडीवर 'झाउअररामबुटर' असं लिहिलेलं लोणी बघून घ्या. ते विरजलेल्या सायीचं असतं, म्हणून त्याला आपल्या लोण्याच्या जवळचा वास असतो. २५० ग्रॅमची पुडी जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर ठेवा. आधी फेस येतो आणि बराच वेळ चर्र आवाज होतो, तो पाण्याचा. आवाज मंदावला की तिथून हलू नका. बेरी सोनेरी झाली, तूप तळापर्यंत स्वच्छ दिसू लागलं की पातेलं लगेच उचला, शेगडी तापलेलीच असते. दोनशे ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. बेरीत साखर घालून उभ्या-उभ्या खाऊन टाका, आमच्याकडे त्यावरून अजून भांडणं होतात.

श्रीखंडासाठी चक्का टांगायची गरज नाही. ४० टक्के स्निग्धांश लिहिलेला क्वार्क (चक्क्यासारखं मऊ, ताजं चीज) आणा, फडक्यात तासभर निथळा, साखर, वेलची, केशर घाला.

राहिलं दही. कोमट दुधाला विरजण लावून भांडं ओव्हनमध्ये ठेवा, ओव्हन बंद आणि आतला दिवा तेवढा चालू, सकाळपर्यंत लागतं. बाजारातल्या साध्या दह्याचंही विरजण चालतं, पण पहिली चार-पाच वेळ दही तारेचं होतं, मग सुधारतं. माझं आता सहा वर्षं चालू आहे. गणपतीत भेटलात तर घट्ट झाकणाची छोटी बरणी घेऊन या, त्यातलं देते.