आधी सात वाचक धरा

२००१ साली साहित्य संमेलन आमच्या इंदुरात भरलं, विजयाबाई राजाध्यक्ष अध्यक्ष. मंडपातली गर्दी पाहून मला वाटलं, वाचक आयतेच आहेत, आपण फक्त लिहायचं. पुढं माझी पहिली कथा छापून आली, ती सख्ख्या नणंदेनंही वाचली नाही.

म्हणून नव्या कथाकारांना सांगते, आधी सात वाचक धरा. घरचे नकोत, स्वतः लिहिणारे तर मुळीच नकोत. माझ्या सातांत रामबागेतल्या शिवणकाम करणाऱ्या काकू होत्या, बँकेतून निवृत्त झालेले शेजारी होते, आणि हिंदी शाळेत शिकलेली एक भाची. तिला मराठी ऐकायला आवडतं, वाचताना मात्र ती अडखळते. इंदुरात असे पुष्कळ. त्यांना कथा वाचूनच दाखवावी लागते.

रविवारी सकाळी बोलवा. पोहे-जिलबी वाचन झाल्यावर, आधी दिलीत तर डोळे मिटतात. हजार शब्दांना आठ-नऊ मिनिटं लागतात, दीड हजारांवर जाऊ नका. हातात पेन्सिल ठेवा. कुणाचा हात मोबाइलकडे गेला की समासात त्या ओळीपाशी बारीक फुली. नंतर सगळे "छान झालीय" म्हणतील, ते सोडून द्या आणि फुल्या मोजा. माझ्या एका कथेत विहिरीच्या वर्णनापाशी तीन फुल्या पडल्या. दीड पान होतं, दोन ओळी ठेवल्या.

व्हॉट्सॲपवर पीडीएफ नको, कुणी उघडत नाही. साधा युनिकोड मजकूर, एकेकाला नावानिशी. ग्रुपवर टाकलेल्या कथेला अंगठे येतात, तेवढंच.

दिवाळी अंक हवाच. १९०९च्या 'मनोरंजन'पासून मराठी कथेची जत्रा तिथंच भरते. पण गणपती बसल्यावर जाग येऊन उपयोग नाही, मे-जूनमध्ये कथा पाठवा, एका वेळी एकाच अंकाला. (दोघांना पाठवून मी एकदा तोंडघशी पडले आहे.)

अंक आला की एक प्रत विकत घेऊन अशा जागी ठेवा, जिथं माणसं ताटकळतात. मी शिवणवाल्या काकूंकडे ठेवते. मागच्या महिन्यात फॉल-पिकोला साडी टाकायला आलेल्या एक अनोळखी बाई मला तिथंच भेटल्या. म्हणाल्या, "विहिरीची गोष्ट तुमचीच ना? ती सून परत आली का हो?"

त्यांचा नंबर तिथल्या तिथं वहीत लिहून घेतला.