कुत्र्याची अ‍ॅलर्जी: घरातली काळजी आणि धोक्याची लक्षणे
अ‍ॅलर्जीचे खरे कारण कुत्र्याचे केस नसून त्याच्या लाळेतील आणि कोंड्यातील प्रथिने असल्याने, कमी केस गळणारी जात आणूनही शिंका थांबतीलच असे नाही. कितीही जिवावर आले तरी त्याला झोपण्याच्या खोलीत येऊ देऊ नये, उशांचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुवावेत आणि केरसुणीने कोंडा उडवण्याऐवजी लादी ओल्या फडक्याने पुसावी.

तीव्र प्रतिक्रिया क्वचितच येते. परंतु जीभ किंवा घसा सुजणे, श्वास कोंडणे, अंगभर गांधी उठून भोवळ येणे अशी लक्षणे दिसताच नुसती अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट पाहू नये. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन दिलेले असल्यास ते मांडीच्या बाहेरील बाजूस तत्काळ टोचावे, 108 वर फोन करावा आणि रुग्णाला आडवे झोपवावे. धाप लागली असल्यास मात्र बसू द्यावे.