जुना पेट्रोल पंप खोलताना: बोल्ट गेला तरी चालेल

गंजलेला पेट्रोल पंप, म्हणजे गाडीत पेट्रोल भरायचं जुनं यंत्र, घरी आला की लोक आधी ग्राइंडर शोधतात. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी अमेरिकेतल्या इंडियानात राहते. इथल्या शेतांवरच्या लिलावांत असे पंप अजून निघतात, आणि निघणारच: बाउझर, वेन आणि टोकहाइम हे तिन्ही मोठे कारखाने इथल्याच फोर्ट वेन गावातले. सिल्व्हेनस बाउझरने १८८५ साली याच गावात एका किराणा दुकानासाठी रॉकेलचा पंप बनवला, तिथून हा धंदा वाढला.

खालचं सगळं विजेवर चालणाऱ्या, तोंडावर किमतीचे आकडे फिरणाऱ्या पंपांना लागू आहे. टोकहाइम ३९ हा त्यातला नेहमी दिसणारा. डोक्यावर काचेची उंच टाकी असलेले हातपंप म्हणजे निराळंच प्रकरण.

पाना उचलण्याआधी एक ठरवा: काय परत मिळतं आणि काय मिळत नाही. डोक्यावरचा कंपनीच्या नावाचा काचेचा गोळा, काचा, स्टिकर, रबरी नळी, नॉझल हे सगळं अमेरिकेत नव्याने बनवलेलं विकत मिळतं. पण आकड्यांभोवतीची जस्ताची ओतीव चौकट, नंबराची पट्टी आणि आतलं आकड्यांचं यंत्र तुटलं, तर दुसरा पंप मोडल्याशिवाय सहसा मिळत नाही. खोलण्याचा क्रम यावरून ठरवायचा. बोल्ट चार आण्याचा; त्याचा खुशाल बळी द्या.

आता पेट्रोल. पंप गोठ्यात कितीही वर्षं पडून असला तरी आतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्या पोटात, गाळणीत आणि ते मोजणाऱ्या मीटरमध्ये थोडं इंधन राहतंच. ते घट्ट, तपकिरी, वार्निशसारखं होतं, पण वाफ धरून असतं. शिवाय त्या काळचं पेट्रोल शिसंमिश्रित. म्हणून काम उघड्यावर, नायट्राइलचे हातमोजे घालून. तळाच्या पाइपचं युनियन (आट्यांचा जोड) सोडा, गाळणीचं झाकण काढा, पत्र्याच्या बादलीत निथळू द्या. ते इंधन काउंटीच्या घातक कचरा केंद्रात द्यायचं, गटारात नाही. आतला पंप आणि मीटर बाहेर निघून सांगाडा चांगला हवेशीर होईपर्यंत ड्रिल, ग्राइंडर, गॅसची ज्योत यांतलं काहीही जवळ आणायचं नाही. मोटर ‘बघू तरी चालते का’ म्हणून प्लगला लावू नका; तिच्या तारांवरचं कापडी आवरण हात लावताच भुगा होतं.

रंगातही शिसं असणार हे धरूनच चाला. सुकं घासणं बंद. ओलं करून खरवडा, बारीक धूळ अडवणारा पी-१०० मास्क लावा, पोरांना लांब ठेवा. पण खरवडण्याआधी जुन्या अक्षरांवर ट्रेसिंग पेपर धरून आकार उतरवून घ्या. मूळ रंग बघायचा असेल तर दाराच्या आतल्या बाजूला, बिजागरीच्या मागे बघा. उन्हाचं तोंड न पाहिलेला रंग तिथेच सापडतो.

आधी काचा आणि गोळा उतरवा, मग दारं. दारांना कुलूप असतं आणि किल्ली कधीच नसते. कुलपाच्या नळकांड्याला ड्रिल करायचा मोह होतो, पण वर सांगितलंय, अजून ड्रिल नाही. डोक्यावरचं झाकण काढून आतून हात घालता येतो का बघा. पत्र्यावर चिनी मुलामा (काचेसारखा एनॅमल) असेल तर हातोडी दूर ठेवा, टवका उडाला की उडाला.

खरी परीक्षा चौकटीच्या स्क्रूंची. पोलादी स्क्रू जस्तात, त्यात पन्नास-साठ पावसाळ्यांचा ओलावा: पोलादाच्या संगतीत जस्त खाल्लं जाऊन भोकात पांढरी पावडर धरते आणि स्क्रू जणू डाक दिल्यासारखा बसतो. आधी बारीक टोच्याने खाच साफ करा, तळापर्यंत, चकाकी दिसेपर्यंत. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ तेल निम्मं-निम्मं मिसळून थेंब सोडा (रंग राखायचा असेल तिथे नको, ॲसिटोन रंग खातो). रात्रभर ठेवा. खाचेत गच्च बसणारा पेचकस घ्या, मागून हलके ठोके द्या आणि आधी आवळायच्या दिशेने किंचित फिरवा. ‘कट्’ असा कोरडा आवाज आला तर सुटला. मग अर्धा फेरा सैल, पाव फेरा परत, पुन्हा तेल.

आवाज आलाच नाही तर जोर वाढवू नका. तो जोर स्क्रूला लागत नाही, स्क्रू बसतो त्या जस्ताच्या कानाला लागतो, आणि कान तुटतो. अशा स्क्रूचा नाद सोडायचा. सांगाडा मोकळा, कोरडा झाल्यावर त्याचं डोकं ड्रिलने उडवा, चौकट वरून अलगद उचला, उरलेला दांडा नंतर पकडीने फिरवा. सांगाड्यावरच्या जाड नटांना मात्र शेक चालतो: नट तापवा, ज्योत बाजूला करा, आट्यांना मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आत ओढलं जातं. जस्ताला शेक नाही. ते लोखंडाच्या फार आधी वितळतं.

आतली कामं त्यामानाने सरळ. बेल्ट, मोटर, आतला पंप, मीटर, याच क्रमाने. पंप आणि मीटर बिडाचे, जड. दुसरा माणूस हवाच. मोटरच्या घराचे जोड स्फोट आत कोंडून ठेवण्यासाठी तासलेले असतात, त्यांत छिन्नी घालू नका.

आकड्यांचं यंत्र बहुधा हार्टफर्ड गावच्या व्हीडर-रूट कंपनीचं निघेल. मीटरपासून वर येणारा उभा दांडा सोडवा आणि यंत्र अखंड बाहेर काढा. उघडायचं नाही, आत बारीक दातेऱ्यांची गर्दी आहे. त्याआधी चाकांवरचा भाव टिपून घ्या. गॅलनला २९.९ सेंट दिसले तर पंप १९७३च्या तेलसंकटाआधीच बंद पडलाय असं समजायला हरकत नाही. यांतली कित्येक यंत्रं डॉलरपर्यंत पोचतच नाहीत. १९७९च्या सुमारास भाव तिथे गेला तेव्हा पंपवाले अर्ध्या गॅलनचा भाव लावून बिल दुप्पट करत.

लोखंडी भागांचा गंज विजेने काढा: पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची उणे तार वस्तूला, अधिक तार भंगार लोखंडाला. स्टेनलेस स्टील वापरलंत तर विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून दार उघडं. जस्त आणि ॲल्युमिनियम या टबात घालायचं नाही.

सुटलेला प्रत्येक स्क्रू, मोडका असला तरी, पिशवीत. पिशवीवर जागा लिहा, ‘पुढचं दार, वरची बिजागरी’ अशी. नवा आणायला जाल तेव्हा आटे त्यावरूनच जुळवायचे असतात.