बोटुकली तलावात सोडण्याआधी थाळीत ओता

दरवर्षी बोटुकलीची, म्हणजे बोटाएवढ्या मासेबीजाची, गाडी आली की मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक पांढरी थाळी घेऊन जाते. आमचा मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, गोंदिया जिल्ह्यातला; मासेमारीचा ठेका आमच्या ढिवर (मासेमार) संस्थेकडे. बीज सोडण्याआधी थाळीत पाहायचं हे काम बायांनी स्वतःकडे घेतलंय, कारण बाजारात मासे विकणाऱ्या आम्हीच. कुठला मासा कमी झाला ते आधी आमच्या टोपलीत कळतं.

थाळी हातात का आली, ते सांगते. काही वर्षांपूर्वी स्वस्त पडतं म्हणून संस्थेनं एका व्यापाऱ्याकडून रोहू-कटल्याचं बीज घेतलं. पुढच्या हंगामात जाळ्यात दीड हात लांबीचा, अंगावर काळपट-पिवळट चट्टे असलेला मांगूर आला. मीच चिरला. पोटात आपल्या देशी माशांपैकी मरळीची पिल्लं आणि अख्खी शिंगी निघाली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

त्याला थाई मांगूर म्हणतात, पण तो मूळचा आफ्रिकेचा. केंद्र सरकारनं २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली, पुढे राष्ट्रीय हरित लवादानंही ती कडक राबवायला सांगितलं. मत्स्यव्यवसाय विभाग सापडलेले साठे नष्ट करतो. पण विभागाची माणसं मोजकी आणि भंडारा-गोंदियात तलाव हजारो. आपल्या पाळीवर राखण आपणच करायची.

बीज सरकारी केंद्राचं किंवा विभागाकडे नोंद असलेल्या हॅचरीचंच (मासेबीज तयार करणाऱ्या केंद्राचंच) घ्या. पैसे देण्याआधी पावतीवर हॅचरीचं नाव, माशांची जात आणि गाडीचा नंबर लिहून घ्या. पावती द्यायला जो कां-कूं करतो, त्याची गाडी पाळीवरूनच परत पाठवा.

पिशव्या आल्या की न उघडता सावलीत पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. मग तोंड सोडून थोडं थोडं तलावाचं पाणी आत घ्या आणि बीज आधी हाप्यात ओता, तलावात नाही. हापा म्हणजे बारीक जाळीचा पिंजरा, चार बांबूंना बांधलेला. प्रत्येक पिशवीतून वाटीभर बीज थाळीत घ्या आणि उन्हाकडे तोंड करून बसा. घाई करू नका.

आधी मिशा बघा. मांगुराच्या पिल्लाला मिशांच्या चार जोड्या असतात, बोटाएवढ्या पिल्लातही स्पष्ट दिसतात. रोहूलाही एक बारीक जोडी असते, पण बोटुकलीत ती सहज दिसत नाही. मग पाठ बघा. मांगुराचा पाठीवरचा पर, म्हणजे पोहायचा पंख, मानेमागून थेट शेपटीपर्यंत जातो आणि अंगावर खवलं नसतात. चिलापी (तिलापिया) हाही बाहेरून आलेला मासा; तिच्या पाठीचा पर लांब आणि काटेरी असतो, बोट उलटं फिरवलं की टोचतो. रोहू, कटला, मृगळचा पर आखूड आणि मऊ.

मांगूर किंवा चिलापी एक जरी सापडला तरी तेवढाच वेचून बाकीचे सोडू नका. ती पिशवी अख्खी बाजूला ठेवा, मोजपट्टीसह फोटो काढा आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

"एका माशानं काय होतंय?" असं आमचे पुरुष म्हणायचे. मग एकदा मी चिलापीची मादी सगळ्यांसमोर उचलली आणि तिचा जबडा अंगठ्यानं दाबला. तोंडातून तिळाएवढी पिल्लं माझ्या तळव्यावर सांडली, कितीतरी, डोळे तेवढे काळे. ही मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. १९५२ साली चिलापी आपल्या देशात मुद्दाम आणली गेली. आज उजनीसारख्या मोठ्या धरणातही जाळ्यात तीच जास्त येते.

देशी मांगुराला मात्र मारू नका. तो आपला आहे, आधीच कमी झालाय, आजारातून उठलेल्याला त्याचाच रस्सा देतात. त्याचा रंग बहुधा एकसारखा तपकिरी असतो, अंग लहान, दीड फुटापुढे क्वचितच जातो. शंका आली तर मासा पाण्याच्या ड्रममध्ये जिवंत ठेवा आणि जाणत्याला दाखवा. ड्रमवर जाळी बांधा, कारण दोन्ही मांगूर हवेत श्वास घेतात आणि ओल्या जमिनीवर सरपटत जातात.

म्हणूनच वरच्या अंगाला कुणाचं शेततळं असेल तर पावसाआधी जाऊन बघा. थाई मांगूर पाळला असेल तर भांडण करू नका, विभागाला कळवा. पंचनामा होऊन मासे काढले तरी काही चिखलात दडून राहतात. तेव्हा मोहाची ढेप, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल काढून उरलेला चोथा, कामी येते, ती माशांना विषारी असते: दहा गुंठ्यांच्या तळ्यात मीटरभर पाणी असेल तर साधारण अडीच क्विंटल. ढेप भिजवून सगळीकडे फेकायची, काठाला चौफेर जाळी लावायची, सरपटत वर येणारे तिथंच धरून मारायचे आणि चुना टाकून खड्ड्यात पुरायचे. ढेपीचा असर जायला पंधरा-वीस दिवस लागतात, तेवढे दिवस त्या तळ्याचं पाणी सांडव्यातून खाली उतरू देऊ नका. आणि तलावात ढेप कधीही टाकू नका, तिथं आपले मरळ-शिंगी आहेत.