सप्टेंबरच्या उन्हात सिल्क टॅसलचं पाणी वाढवू नका

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात खरं कडक ऊन पडतं ते सप्टेंबर-ऑक्टोबरात. फ्रीमाँट, सॅन होजे, प्लेझंटनकडे पारा ९५ फॅरनहाइटच्या वर गेला की सिल्क टॅसल (गॅरिया इलिप्टिका) ही झुडपासारखी वाढणारी बागेतली वनस्पती दुपारी मान टाकते, आणि लोक धावत जाऊन पाण्याच्या टायमरची मिनिटं वाढवतात. थंडीनं किंवा किडीनं गेलेली झाडं मी क्वचितच पाहिली आहेत. या धावपळीनं गेलेली मात्र दर वर्षी पाहतो.

हे झुडूप ओरेगन-कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचं. तिथे उन्हाळ्यात धुकं असतं, पाऊस नसतो. माती एकाच वेळी गरम आणि ओली राहिली की फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जंतूची मूळकूज लागते. मुळं कुजल्यावर पाणी वर चढत नाही, पानं सुकतात, आणि ती पाहून आपण आणखी पाणी सोडतो.

म्हणून पाण्याच्या व्हॉल्व्हला हात लावण्याआधी बुंध्यापासून फूटभर अंतरावर चार इंच उकरा. माती मुठीत दाबा. गार, ओलसर गोळा झाला तर पाणी बंद. मग पहाटे झाड बघा. पानं ताठ असतील तर दुपारचं मलूल होणं निव्वळ उन्हाचं होतं. पहाटेही पानं लोंबत असतील आणि माती ओली असेल, तर जमिनीलगतची साल नखानं खरवडा. आत हिरवटऐवजी तपकिरी दिसलं तर कूज बुंध्यापर्यंत आली.

नवीन झाडाला पहिले दोन उन्हाळे पाणी लागतंच: १० ते १४ दिवसांनी, सावकाश, फूटभर खोल. उष्णतेची लाट येणार असेल तर आदल्या पहाटे द्या, लाटेत नको. जुन्या झाडाला फार तर महिन्यातून एकदा. लॉनच्या व्हॉल्व्हवर असेल तर आजच वेगळं करा. लॉनचं पाणी याला मारतं.

झाड मलूल झालं म्हणून दुकानात गेलात तर रूट बूस्टर, मायकोरायझाची (मुळांशी जुळणाऱ्या बुरशीची) पुडी, वर ड्रेंचिंगची (मुळांशी ओतायच्या औषधाची) बाटली गळ्यात मारतील. पैसे वाचवा. फॉस्फाइट हे मूळकुजीवरचं औषध वापरायचंच तर निरोगी झाडाला, लेबलवरच्या मात्रेत. कुजलेली मुळं त्यानं परत येत नाहीत. खत लागत नाही.

लागवड आणि छाटणी:
- पहिल्या चांगल्या पावसानंतर लावा
- खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद, खोली कुंडीइतकीच. मुळांचा गड्डा इंचभर वर
- चिकणमातीत फूटभर उंचवटा
- आच्छादन ३ इंच, बुंध्याभोवती ६ इंच मोकळं
- छाटणी फुलोरा संपताच. उन्हाळ्यात छाटलं तर तुऱ्यांच्या कळ्या जातात
- कात्री ७० टक्के अल्कोहोलनं पुसून

लांब तुऱ्यांसाठी नर झाडच घ्या. ‘जेम्स रूफ’चे रुपेरी तुरे फूटभर लोंबतात. बर्कलीतल्या टिल्डन पार्कच्या वनस्पती उद्यानाचे एकेकाळचे संचालक रूफ यांचंच नाव त्या वाणाला आहे. जानेवारीत तिथे सिल्क टॅसल बघून या. मादीचे तुरे आखूड, पण जवळ नर असेल तर जांभळ्या फळांचे घोस धरतात. किनाऱ्यापासून आत राहणाऱ्यांनी पूर्वेच्या भिंतीशी लावावं. माझा अंदाज असा की पश्चिमेचं ऊन चुकवलेलं झाड मान कमी टाकतं, म्हणून त्याला जास्तीचं पाणी द्यायची धावपळही कमी होते.

मेलेलं झाड मुळांसकट उपटा, ती माती दुसऱ्या वाफ्यात नेऊ नका. त्या खड्ड्यात पुन्हा सिल्क टॅसल नको आणि मँझनिटा हे इथलंच दुसरं झुडूपही नको. त्यालाही हीच कूज लागते.