माउंटन बाइक लांबच्या प्रवासासाठी तयार करताना
ताम्हिणी घाटातून कोकणात सायकलने जाण्यासाठी घरातली माउंटन बाइक पुरेशी ठरते, कारण चढाला लागणारे हलके गिअर तिच्यात आधीच असतात. प्रथम खोल नक्षीचे रुंद टायर काढून त्याच व्यासाचे, साधारण १.५ ते १.७५ इंच रुंदीचे गुळगुळीत टायर बसवावेत. डांबरी रस्त्यावरचे श्रम या एकाच बदलाने जाणवण्याइतके कमी होतात. सामान पाठीवर न घेता मागच्या कॅरिअरला लावलेल्या पिशव्यांत ठेवावे. मात्र कॅरिअर घेण्यापूर्वी फ्रेमला त्याच्या स्क्रूंसाठी छिद्रे आहेत का, डिस्क ब्रेकचा कॅलिपर (चाकाजवळची चकती पकडणारा भाग) आड येतो का आणि पेडल मारताना टाच पिशवीला घासते का, हे सायकल दुकानात नेऊनच तपासावे. पुढच्या सस्पेन्शनला, म्हणजे धक्के शोषणाऱ्या भागाला, त्याचे दबणे थांबवणारे लॉक असल्यास चढावर ते अवश्य लॉक करावे.